निरंक

"हे पान खोटं हाय."

उत्कर्षाने लॅपटॉपवरची नजर हलवली नाही. "आजोबा, तुम्हाला इंग्लिश येत नाही."

"नसंल येत. पान खोटं हाय."

"कशावरून पण?"

चहाची बशी खाली ठेवून मी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. वाघोलीच्या आमच्या दोन खोल्यांत माझ्या नातीचं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. आठवड्यातून तीन दिवस ती खराडीला कंपनीत जाते, उरलेले दिवस इथे बसते. पडद्यावर कुठल्याशा दवाखान्याच्या नोंदवहीचं पान होतं, मोबाइलने फोटो काढलेलं. अक्षरं परकी होती, पण रकाने ओळखीचे होते. क्रमांक, नाव, वय, गाव, आजार, औषध. आजारी माणसाला जगात कुठेही एवढंच विचारत असावेत.

"वरपासनं खालपतुर एकच पेन," मी म्हणालो. "एकच हात. एक खाडाखोड नाय. चाळीस आजारी मानसं आली आन् मधी कुनी घुसलं नाय, पोर रडलं नाय, कुनाचं नाव चुकलं नाय? खऱ्या पानावर सकाळचं अक्षर येगळं, दुपारचं येगळं. पेन मधीच वाळतं. औषधाचा डाग पडतो. हे निवांत बसून भरलंय, महिनाअखेरीला."

"मशीन तर ह्या पानाला शंभरपैकी सत्त्याण्णव देतंय."

"मग तुझं मशीन साळंतल्या मास्तरावानी हाय. वही सवच्छ दिसली की खूश."

माझी बायको शालन पलीकडे मेथी निवडत होती. ती म्हणाली, "स्वतःच्या औषधाच्या गोळ्या ओळखता येईनात, आन् मशीनला अक्कल शिकवत्यात."

उत्कर्षा मात्र हसली नाही. तिने दुसरं पान उघडलं, मग तिसरं. मी सांगत गेलो. हे खरं. हे खोटं. हे वरचं अर्धं खरं, खालचं भरलेलं. तिने कुठल्याशा यादीशी ताडून पाहिलं आणि माझ्याकडे वळली. "आजोबा, उद्या माझ्याबरोबर ऑफिसला याल?"

तिचं काम तिने मला रिक्षात समजावून सांगितलं. आफ्रिकेत मलावी म्हणून देश आहे. तिथल्या लहान लहान दवाखान्यांतून रोजच्या नोंदवह्यांचे फोटो येतात. मशीन ते वाचतं, त्यात पाऊस, नदीचं पाणी, बाजाराचे दिवस असं सगळं मिसळतं आणि सांगतं की दोन-तीन आठवड्यांनी पटकी, म्हणजे कॉलरा, कुठल्या भागात उसळणार. म्हणजे सलाइन, मीठ-साखरेच्या पुड्या आणि माणसं आधीच तिथे जाऊन बसतील. तिकडचा पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी मशीन कामाला लागलं पाहिजे.

"साथ यायच्या आधी औषध?" मी विचारलं.

"तेच ना."

खराडी येईपर्यंत मी बोटांवर आठवडे मोजत होतो.

कंपनीत सलोनी नावाच्या मॅडम उत्कर्षाच्या साहेब होत्या. वय तिशीचं. त्यांनी मला पन्नास पानं दाखवली आणि मी सांगितलेलं त्यांच्याकडच्या उत्तरांशी ताडलं. सेहेचाळीस बरोबर निघाली. मग त्यांनी माझ्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं. "काका, आता तुम्ही आमचे डोमेन एक्स्पर्ट."

"म्हंजे शिपाई का?"

"नाही हो काका, तज्ज्ञ!"

छत्तीस वर्षं मी प्राथमिक आरोग्य केंद्रात शिपाई होतो. निवृत्तीच्या दिवशीचा हार सोडला तर कुणी गळ्यात काही घातलं नव्हतं.

पंधरा दिवस मी पानं पाहत होतो. त्यात एका नर्सची पानं सारखी यायची. चिसोमो तिचं नाव. तळ्याकाठच्या दवाखान्यात एकटीच होती. तिचं अक्षर उताराला लागलेल्या गाडीसारखं पळायचं, कुठे नाव अर्धं, कुठे आकडा गिरवलेला, एका पानावर जांभळ्या औषधाचं बोट उमटलेलं. मी प्रत्येक पानाला खरं म्हणायचो आणि मशीन त्याच पानांना शंभरपैकी तीस-पस्तीस द्यायचं. गेल्या पावसाळ्यात तिने पटकीचे रुग्ण सगळ्यांच्या आधी लिहिले होते. मशीनने तिची वही भरवशाची नाही म्हणून बाजूला टाकली. तेव्हा नुसती चाचणी चालू होती, पण माणसं काही चाचणीपुरती मेली नव्हती.

एका दुपारी व्हिडिओवर तिचं बोलणं झालं. उत्कर्षा मला मराठीत सांगत होती. चिसोमोने विचारलं, हे म्हातारे गृहस्थ डॉक्टर आहेत का?

"शिपाई हाय म्हनावं."

ती खळखळून हसली. म्हणाली, आमच्याकडेही दवाखान्यातलं खरं काय ते राखणदारालाच माहीत असतं. मग हसू थांबलं. तिच्या वरिष्ठांनी तिला पत्र दिलं होतं: तुमच्या नोंदी निकृष्ट आहेत असा कंप्युटरचा अहवाल आहे, खुलासा करा. पुन्हा तसंच आलं तर तिला तिथून हलवणार होते. ती म्हणाली, "मी एका हाताने सलाइनची बाटली धरते आणि दुसऱ्याने लिहिते. ह्याहून चांगलं अक्षर कुठून आणू?"

पडदा बंद झाल्यावर मी सलोनी मॅडमना विचारलं, "चांगलं पान कसं असतं हे मशीनला कुनी शिकवलं?"

"आपल्याकडे नमुना संच आहे ना काका. आणि तो इथलाच, पुणे जिल्ह्यातला! सात वर्षांच्या नोंदी, एकही दिवस न चुकवलेल्या. आमच्या सल्लागार सरांनी दिल्यात. ते त्या केंद्राचे वैद्यकीय अधिकारी होते." त्यांनी पडद्यावर एका वहीचं मुखपृष्ठ उघडलं.

वहीच्या पाठीला लाल कापड होतं. ते मी चिकटवलेलं होतं. शालनच्या फाटक्या परकराचं कापड, मैद्याची खळ, आणि दाभणाने ओवलेला जाड दोरा. वर लिहिलं होतं: प्राथमिक आरोग्य केंद्र, बोरदरा. ती वही शिवली तेव्हा मला ते वाचता येत नव्हतं.

"सल्लागारांचं नाव काय?"

"डॉक्टर श्रीनिवास गानू. ओळखता तुम्ही?"

"व्हय," मी म्हणालो. "चांगलं वळखतो."

हे सांगायला मला फार शब्द लागत नाहीत, कारण मनात ते हजार वेळा सांगून झालं आहे.

शहाऐंशी सालचा जुलै. बोरदऱ्यात नवी नळयोजना झाली होती आणि नाल्याजवळ तिचा पाइप फुटला होता. आठ तारखेपासून हगवण-उलटी सुरू झाली. बारा तारखेला शनिवार होता. दर शनिवारी साथीचा साप्ताहिक अहवाल जिल्ह्याच्या कचेरीत द्यायचा असे आणि तो न्यायचं काम माझं. गानू डॉक्टरांनी लखोटा चिकटवून माझ्या हातात दिला. मी एसटीने पुण्याला गेलो, लखोटा दिला, पोचपावतीवर शिक्का घेतला, मंडईतून मुक्ताईसाठी दोन पेरू घेतले आणि घरी आलो. मुक्ताई माझी मुलगी, सहा वर्षांची. बुधवारी दुपारी ती आजारी पडली. गुरुवारी पहाटे गेली.

गावात सतरा माणसं मेली. टँकर आला तो शेवटच्या माणसानंतर. जिल्ह्यावरून विचारणा झाली की आधी का कळवलं नाही. मला वाटत होतं की आम्ही कळवलं होतं. लखोटा मी स्वतः पोचवला होता ना!

पुढच्या वर्षी देवळात प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. मी चाळिशीचा होतो. लोक हसायचे. मी पाटी घेऊन पुढे बसायचो. दीड वर्षाने मला जोडाक्षरं वाचता येऊ लागली आणि एक दिवस केंद्र झाडताना मी कपाटातली अहवालांची फाइल काढली. बारा जुलैची स्थळप्रत, म्हणजे केंद्रात ठेवलेली नक्कल, सापडली. "साथीचे रुग्ण: निरंक. साथीचे मृत्यू: निरंक." हा शब्द आमच्या पुस्तकात नव्हता. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "काहीही नाही, असा अर्थ."

काहीही नाही, असं लिहिलेला कागद मी स्वतःच्या हाताने पोचवून आलो होतो. आणि वर पेरू घेऊन आलो होतो.

गानू डॉक्टरांना त्याच गुरुवारी पुण्यात ढाल मिळाली होती. सलग तीन वर्षं साथमुक्त केंद्र म्हणून. पुढे ते बढतीवर गेले. मी लिहायला शिकलो तसे अर्ज करू लागलो. नऊ अर्ज केले. दर वेळी एकच उत्तर येई: आपला अर्ज योग्य कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवण्यात आला आहे. संबंधित म्हणजे गानूच. वर्तमानपत्रात त्यांचा सत्काराचा फोटो आला की मी कापून ठेवायचो. शालन म्हणायची, "त्या मानसाला घरात कशाला ठिवताय?" मी म्हणायचो, "इसरायला नको म्हनून." ती म्हणायची, "मी फोटो न बघता इसरले का?"

पुढच्या आठवड्यात कंपनीत मोठी बैठक होती. पैसे देणारे लोक परदेशातून पडद्यावर येणार होते आणि गानू डॉक्टर स्वतः बोलायला येणार होते. मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. चाळीस वर्षांचं सगळं मी त्या दिवसासाठी जपून ठेवलं होतं असं मला वाटत होतं. भर सभेत त्यांचं तोंड काळं करायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

ते आले. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण इस्त्री कडक. बोलले छान. "स्वच्छ नोंद म्हणजे अर्धा उपचार. आमच्या केंद्रात सात वर्षांत एकही दिवस कोरा नाही." पडद्यावर त्यांनी वहीची पानं दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभा राहिलो. "सतरा जुलै शहाऐंशीचं पान काढा."

सलोनी मॅडम गडबडल्या, पण कुणीतरी पान काढलं. सत्तावीस रुग्ण. सर्दी, खरूज, अंगदुखी. सुवाच्य अक्षर.

"त्या दिवशी दवाखाना उघडलाच नव्हता," मी म्हणालो. "किल्ली एकच व्हती आन् ती माझ्या करगोट्याला व्हती. मी वढ्याच्या काठाला माझ्या पोरीला पुरत व्हतो. डॉक्टर इथं पुण्यात ढाल घेत व्हते. हे सत्तावीस लोक कुनी तपासले?"

गानूंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, कळलं नाही. "आपलं वय किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"अहो, मग चाळीस वर्षांपूर्वीच्या गुरुवारी आपल्या कमरेला काय होतं ते आपल्याला आठवतं, ह्याबद्दल आपलं अभिनंदन केलं पाहिजे. मला तर सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही." सगळे हसले. वाईट हेतूने नाही, म्हाताऱ्या माणसापुढे हसतात तसं. "ह्या वयात आठवणी सरमिसळ होतात. दुःख समजू शकतो मी. बसा आपण."

मी बसलो. शिपायाला डॉक्टरने बसा म्हटलं की तो बसतो.  पडद्यावरच्या परदेशी लोकांना कुणीतरी इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि बैठक पुढे गेली.

घरी आल्यावर उत्कर्षा माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं तिला लाज वाटली. लॅपटॉप उघडून ती टेबलाशी बसली आणि दोन तासांनी तिने हाक मारली. "आजोबा, वहीच्या मागच्या बाजूला उलटी पानं का आहेत?"

तेव्हा मला आठवलं. आमच्याकडे हजेरीपटाच्या वह्या यायच्याच नाहीत. म्हणून त्याच नोंदवहीची मागची पानं उलटी धरून आम्ही हजेरी लावायचो. लहान केंद्रांत सगळीकडे तसंच चालायचं. कुणी ती बाजू कधी बघायचंही नाही. गानूंनी अख्खी वही स्कॅन करायला दिली होती, पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत.

तिने पडदा माझ्याकडे वळवला. जुलै शहाऐंशी. एका ओळीत माझे अंगठे, निळ्या शाईचे, एकाशेजारी एक बसलेल्या पाखरांसारखे. सतरा तारखेच्या चौकोनात अंगठा नव्हता. तिथे लाल शाईने लिहिलं होतं, "शिपाई गैरहजर. केंद्र बंद राहिले. बिनपगारी." खाली सही, श्री. गानू. त्यांच्या स्वतःच्या चौकोनात लिहिलं होतं, "पुणे, समारंभ."

पोरीला पुरलं त्या दिवसाचा माझा पगार कापण्यासाठी त्यांनी खरं लिहून ठेवलं होतं.

शालन मागे येऊन उभी होती. तिला वाचता येत नाही. "काय हाय?" तिने विचारलं. उत्कर्षाने वाचून दाखवलं. शालनने पदर तोंडाशी धरला आणि ती आत गेली.

"मी हे ऑनलाइन टाकते," उत्कर्षा म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. "फोटो, सही, सगळं. उद्या सकाळपर्यंत व्हायरल होईल. आख्ख्या पुण्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही त्यांना."

"टाक," मी म्हणालो. मग म्हणालो, "थांब."

"थांब का?"

"तो काय करील?"

"वकील करतील. म्हणतील खोटं आहे, एडिट केलंय."

"आन् तवर मशीन?"

तिने कराराची फाइल उघडली. मग म्हणाली, "मशीन जाईल नोव्हेंबरात. करारात लिहिलंय, ज्यांनी नमुना दिला त्यांनी स्वतः लेखी मागे घेतल्याशिवाय किंवा कोर्टाने सांगितल्याशिवाय तो काढता येत नाही. वाद सुरू झाला तर सर सही करणारच नाहीत."

म्हणजे मी त्यांची अब्रू घेतली असती, आणि त्यांच्या वहीवर शिकलेल्या मशीनने तिकडे चिसोमोची वही पुन्हा फेकून दिली असती. तळ्याकाठच्या कुणाच्या तरी घरी पेरू आले असते. मी रात्रभर जागलो असं म्हणणार नाही. मी झोपलो. पण सकाळी उठलो तेव्हा मला काय हवं आहे ते कळलं होतं.

उत्कर्षाने ते पान सलोनी मॅडमना पाठवलं. त्यांचा फोन लगेच आला. "काका, खूप शॉकिंग आहे हे. पण आपण सरांना न दुखवता करू या का? तांत्रिक कारणास्तव नमुना मागे, एवढंच लिहून घेऊ. सन्मानाने."

"त्यांना सांगा," मी म्हणालो, "माझ्या घरी या. काय लिहायचं ते मी सांगनार. नाय आले तर पान पेपरात."

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. "गानू बोलतोय. लिफ्ट आहे ना आपल्याकडे?"

रविवारी सकाळी ते एकटे आले, काठी टेकत. दाराबाहेर बूट काढायला त्यांना बराच वेळ लागला. आत येऊन त्यांनी खोली पाहिली, मला पाहिलं. "धोंडिबा. त्या दिवशी टोपीमुळे ओळखलं नाही."

"वळखलं व्हतं," मी म्हणालो. "बसा."

मी टेबलावर कागद ठेवले होते. लांब कागद, मीच पट्टीने रेघा मारलेले. वर जागा सोडली होती, खाली सहा रकाने.

"हे काय? निवेदन तर चार ओळींचं आहे. सलोनीने मसुदा पाठवलाय मला."

"वर चार ओळी लिहा, वह्या खोट्या हायत म्हणून. खाली सतरा लोकांची नावं. नाव, वय, आजार, तारीख, औषध, काय झालं. तुमच्या हातानं."

"अहो, ह्याचा त्या आफ्रिकेशी काय संबंध?"

"आजोबा बरोबर सांगतायत, सर," उत्कर्षा म्हणाली. "त्या दिवसांत खरं काय झालं ते तुमच्या सहीनं आलं, तर तोच महिना मशीनला शिकवता येईल. खोटं पान आणि खरं पान, शेजारी शेजारी. असा नमुना आमच्याकडे एकही नाही."

गानूंनी खिशातून पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही. "धोंडिबा, मला वरून तोंडी सांगणं होतं. नळयोजनेचं उद्घाटन तोंडावर होतं. मी तिशीचा पोरगा होतो. नोकरी गेली असती."

"तेबी लिहा. कुनी सांगितलं त्याचं नाव लिहा."

"ते वारले."

"मग आता कशाला भ्यायचं त्यांना?"

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. मग त्यांचा चेहरा बदलला. मला तो चेहरा माहीत होता. औषध संपलं म्हणून रुग्णाने तक्रार केली की ते असेच बघायचे. "ठीक आहे. सगळंच लिहायचं तर सगळं लिहू. त्या गुरुवारी दोन रुग्ण कुलपाबाहेर ओसरीवर बसून होते. आत सलाइन होतं. कंपाउंडर आला होता, सिस्टर होती, किल्ली नव्हती. त्यातला एक संध्याकाळी गेला. कुणाच्या हाती का होईना, किल्ली पाठवता आली असती. आली असती ना, धोंडिबा?"

उत्कर्षाने माझ्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. शालनला माहीत होतं. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नव्हतो.

"आली असती," मी म्हणालो. "मला सुचलं नाय. त्याचं नाव उत्तरेश्वर. बारावा हाय तो यादीत. लिहा: शिपाई हजर नव्हता, किल्ली त्याच्याकडं व्हती, त्यानं पाठवली नाय. शिपायाचं नाव लिहा. मी खाली सही करतो. आता मला सही येती."

त्यांनी टोपण काढलं.

मी घरांच्या क्रमाने सांगत गेलो. नाल्याकडच्या पहिल्या घरापासून. ते लिहीत गेले. पाचव्या नावाला त्यांनी विचारलं, "आजार गॅस्ट्रो लिहू?"

"पटकी."

"तपासणी झाली नव्हती. तसं लिहिता येत नाही."

"मग लिहा, पटकीसारखी लक्षणं, तपासणी केली नाय. का केली नाय तेबी लिहा."

आठव्या नावानंतर त्यांनी बोटं झटकली. "जरा पाणी मिळेल?"

"आधी लिहून घ्या," मी म्हणालो.

शालन आतून तांब्या-भांडं घेऊन आली. मी तिच्याकडे रागाने पाहिलं. तिने भांडं त्यांच्यासमोर ठेवलं. "मुक्ता पानी पानी करत गेली," ती मला म्हणाली. "ह्या घरात पान्याला कुनाला नाय म्हनायचं नाय. तुमचं काय असंल ते बाकीच्याचं करा." आणि ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली, यादी ऐकायला.

ते पाणी प्यायले. थोडं इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं.

बारावं नाव लिहून झालं, तेरावं झालं. सतरावं नाव मी शेवटी ठेवलं होतं, जरी ती सतरावी गेली नव्हती.

"पूर्ण नाव?" त्यांनी विचारलं, मान खाली घालून, ओपीडीत विचारायचे तसं.

"मुक्ताई धोंडिबा शिवले."

"वय?"

"सहा."

"औषध काय दिलं होतं?"

मी शालनकडे पाहिलं.  ते थांबले, पेन त्या रकान्यावर धरून. मग त्यांनी स्वतःच लिहिलं. मी वाकून वाचलं: "केंद्रात डॉक्टर उपलब्ध नव्हते." पुढे तारीख, आणि सही. मी माझी सही केली. सावकाश केली, प्रत्येक अक्षर जोडून.

उत्कर्षाने कागदांचे फोटो काढले आणि तिथेच पाठवून दिले. मशीनला नव्याने शिकवायला तीन आठवडे लागतील, असं ती म्हणाली. दिवाळीच्या आत होईल. तिने चिसोमोलाही काहीतरी लिहिलं, तिच्या वहीबद्दल.

गानूंनी पेन खिशाला लावलं. "झालं आपल्या मनासारखं?"

"नाय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. टेबलाचा आधार घेऊन ते उठले. सात वर्षं ते उठले की मी उठायचो. पिशवी घ्यायचो, दार उघडायचो, चपला सरळ करून ठेवायचो. पाय आजही आपोआप सरसावले होते. मी दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून ठेवले.

ते दाराबाहेर गेले. तिथे बसायला काही नाही. एका हाताने भिंत धरून ते बुटात पाय घालू लागले. गुडघा वाकत नव्हता. बूट उलटा झाला, पायरीवर घसरला. त्यांनी काठीने तो ओढायचा प्रयत्न केला. श्वास ऐकू येत होता.

उत्कर्षा खुर्चीतून अर्धी उठली. चांगल्या वळणाची पोरगी आहे ती.

मी तिचं मनगट धरलं. "बस."

ती बसली. आम्ही तिघं बसून राहिलो. बाहेर बराच वेळ बुटाचा आवाज येत होता.